दस्तातील चूक आणि दुरुस्तीचा भार

सरकारी टिपणीत काही वाक्ये अशी असतात, की ती लिहिताना लेखणी कधी अडखळत नाही. 'अर्जदाराने सक्षम दिवाणी न्यायालयाकडून दाद मिळवावी' हे त्यांपैकी एक. सेवेच्या आरंभीच्या काळात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, उत्तर प्रदेशात केंद्र सरकारच्या एका प्रकल्पासाठी घ्यावयाच्या जमिनींची कागदपत्रे प्रकल्पाच्या बाजूने तपासण्याचे काम माझ्याकडे होते. जमीन कसणारा एक, खतौनीत नाव दुसऱ्याचे आणि बैनाम्यात, म्हणजे खरेदीखतात, खसरा क्रमांक तिसराच, अशी प्रकरणे आठवड्यातून दोन-तीन तरी समोर येत. हक्काविषयी वाद असेल तर नुकसानभरपाईची रक्कम न्यायालयात जमा करावी, अशी तरतूद १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३१ मध्ये होती. मी तशी टिपणी लिहीत असे आणि फाईल पुढे जात असे. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. एका वृद्ध शेतकऱ्याने मात्र मला विचारले होते, "साहब, खेत तो वही है, गलती मुंशी की है. मुक़दमा मैं किस पर करूँ?" त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि, खरे सांगायचे तर, ते शोधण्याची निकडही मला वाटली नव्हती.

ती निकड पुढे घरच्याच कागदाने निर्माण केली.

माझ्या वडिलांनी १९८३ मध्ये सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी जमिनीचा एक तुकडा विकत घेतला. विकणारे गृहस्थ शेजारचेच. त्यांच्या मालकीचे दोन तुकडे होते. एकाला गावात 'विहिरीचा पट्टा' म्हणत, दुसऱ्याला 'माळाचा तुकडा'. वडिलांनी विहिरीचा पट्टा घेतला, पैसे मोजले, ताबा घेतला आणि त्याच वर्षी तेथे ज्वारी पेरली. एकत्रीकरण योजनेनंतर विहिरीच्या पट्ट्याला गट नंबर ३२१ मिळाला होता आणि माळाच्या तुकड्याला ३१२. दस्तलेखकापुढे जो सातबारा ठेवला गेला तो ३१२ चा होता. त्याने त्यावरून गट नंबर, क्षेत्र आणि आकार उतरवून घेतला. चतुःसीमा मात्र दोघांनी तोंडी सांगितल्या, त्यामुळे त्या विहिरीच्या पट्ट्याच्या लिहिल्या गेल्या. एकाच परिच्छेदात दोन वेगळ्या जमिनींचे वर्णन आले आणि त्याखाली उभय पक्षांनी सह्या केल्या. दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला, तलाठ्याने ३१२ वर फेरफार घेतला. कागदोपत्री माळ आमचा झाला, विहीर त्यांची राहिली. प्रत्यक्षात सगळे ठरल्याप्रमाणेच चालले होते.

ही स्थिती तेहतीस वर्षे टिकली, कारण गावात जमीन नंबराने ओळखली जात नाही. विकणाऱ्यांच्या मुलांनी आपल्या नावावर असलेल्या ३२१ च्या उताऱ्यावर विकास सोसायटीचे पीककर्जही काढले. त्यात त्यांचा काही कपट नव्हता. आपण कसतो त्या माळाचाच हा नंबर, अशी त्यांची समजूत होती. दरम्यान ते गृहस्थ वारले. २००९ मध्ये माझे वडील गेले. २०१६ मध्ये रस्त्याच्या रुंदीकरणासाठी मोजणी झाली आणि बाधित गटांची यादी चावडीवर लागली. गट ३२१ पुढे विकणाऱ्यांच्या वारसांची नावे होती. जमिनीला भाव आला त्या दिवशी चूक जागी झाली.

मी तेव्हा दिल्लीत होतो. माझ्या चुलतभावाने दूरध्वनीवर यादी वाचून दाखवली, तेव्हा माझ्या मनात प्रथम काय आले असेल? तेच वाक्य. सक्षम दिवाणी न्यायालयाकडून दाद मिळवावी.

आता कायद्याची बाजू पाहू. अनेक सुशिक्षितांचीही समजूत असते, की नोंदणी झाली म्हणजे सरकारने दस्त तपासला. वस्तुस्थिती तशी नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दस्तात मिळकत ओळखता येईल इतके वर्णन असले पाहिजे. शहरातील घरासाठी रस्ता आणि त्याची बाजू, जमिनीसाठी क्षेत्र, लगतचे रस्ते, लगतच्या मिळकती, आणि व्यवहार्य असेल तेथे सरकारी नकाशाचा वा मोजणीचा संदर्भ. परंतु ते वर्णन जमिनीवर खरे आहे का, हे पाहण्याचे कर्तव्य नोंदणी अधिकाऱ्यावर नाही. समोर उभा असलेला मनुष्य तोच आहे का आणि त्याने दस्त लिहून दिल्याचे तो कबूल करतो का, एवढे त्याने मुख्यत्वे पाहावयाचे असते. हक्काची शहानिशा करण्याचा अधिकार या कायद्याने नोंदणी अधिकाऱ्याला दिलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका नियमाच्या संदर्भात पुन्हा स्पष्ट केले. नोंदलेल्या दस्तात पुढे चूक आढळली तर तो अधिकारी स्वतः ती सुधारूही शकत नाही. दस्त हा पक्षकारांचा असतो आणि त्यातील शब्द पक्षकारांनीच बदलावयाचे असतात.

बदलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सलोख्याचा. लिहून देणार आणि लिहून घेणार, किंवा त्यांच्या पश्चात त्यांचे सर्व वारस, एकत्र येऊन दुरुस्तीचा दस्त करतात आणि तोही नोंदवतात. आपल्याकडे त्याला चूक दुरुस्ती पत्र म्हणतात. बंगालमध्ये तेच भ्रम संशोधन दलिल, तमिळनाडूत पिळै तिरुत्तल पत्तिरम, उत्तर प्रदेशात तितिम्मा. नावे वेगळी, गरज एकच. केवळ लेखनदोष असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. परंतु दुरुस्तीमुळे मिळकतच बदलते किंवा क्षेत्र वाढते असे दिसले, तर अधिकारी ती दुरुस्ती न मानता नवे हस्तांतरण मानतो आणि आजच्या बाजारमूल्यावर शुल्क मागतो.

दुसरा मार्ग न्यायालयाचा. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम २६ सांगते, की फसवणुकीमुळे किंवा उभय पक्षांच्या समान चुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसेल, तर कोणताही पक्ष वा त्याचा हितसंबंधी प्रतिनिधी दुरुस्तीसाठी दावा लावू शकतो. मात्र मध्यंतरी कोणा त्रयस्थाने सद्भावनेने आणि मोबदला देऊन हक्क मिळवला असेल, तर त्याला बाधा आणता येत नाही. चूक लक्षात आल्यापासून साधारणतः तीन वर्षांच्या आत दावा लावणे इष्ट असते.

या बाबतीत न्यायालयांची दृष्टी कोती नाही, हे नमूद केले पाहिजे. १९६३ च्या निर्णयसंग्रहात छापलेले एक प्रकरण आहे. गहाणाच्या दाव्यात लिलावाच्या प्रमाणपत्रात भूखंड क्रमांक १०६० ऐवजी १६० लिहिला गेला. इतर वर्णनावरून जमिनीच्या ओळखीविषयी शंका नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ही केवळ वर्णनातील चूक मानली. क्रमांक आणि चतुःसीमा यांत विसंगती असेल तर सामान्यतः चतुःसीमा ग्राह्य धराव्यात, असे २००६ मध्येही म्हटले गेले. राजस्थानातील एका प्रकरणात विक्रीच्या करारातच चकाचे नाव चुकले होते. तेथे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच दाव्यात वर्णन दुरुस्त करण्यास परवानगी दिली; स्वतंत्र दावा लावण्याची सक्ती केली नाही. न्यायतत्त्व असे उदार आहे. पण त्या तत्त्वापर्यंत पोहोचण्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागतात, हा खरा प्रश्न आहे. एक शून्य लिहायचे राहून गेले, एवढ्या कारणासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, यात न्यायालयाचा गौरव असेल, प्रशासनाचा नाही.

मग चूक येते कोठून? दस्तलेखकाच्या माथी सारा दोष मारणे सोपे आहे. सखोल पाहिले, तर बहुतेक चुकांच्या मुळाशी एकाच जमिनीला मिळालेली अनेक नावे असतात. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी जमाबंदी बसवली, तिच्यातून मुंबई इलाख्यातील सर्व्हे नंबराची पद्धत रूढ झाली. पुढे वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव योजना राबवल्या गेल्या आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गावठाण वाढून शहर झाले, की नगर भूमापन क्रमांक. नगररचना योजना आली, की अंतिम भूखंड क्रमांक. महाराष्ट्राबाहेर गेलो तर उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशात खसरा, बिहारात खेसरा, बंगालमध्ये दाग, पंजाब-हरियाणात मुरब्बा आणि किल्ला. मापेही तशीच. चाळीस गुंठ्यांचा एकर आपल्याकडे, शंभर सेंटचा दक्षिणेत, आठ कनालांचा पंजाबात. आणि बिघा तर प्रांतागणिक बदलतो.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की यांपैकी एकही क्रमांक शेतकऱ्याने दिलेला नाही. जमिनीला नंबर देते सरकार, तो बदलते सरकार, जुन्याचा नव्याशी मेळ घालणारे पत्रक ठेवते सरकार. दस्तात तो नंबर लिहिलाच पाहिजे, असा आग्रहही सरकारचाच. आणि तो चुकला, की त्या चुकीचे संपूर्ण स्वामित्व मात्र नागरिकाचे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी एक साधा प्रश्न विचारीन. ही चूक सर्वांत कमी खर्चात कोण टाळू शकतो? दस्त नोंदवण्यापूर्वी वर्णन आणि नकाशा समोरासमोर ठेवून पाहणे, हे ज्याच्या दप्तरात दोन्ही आहेत त्याला काही मिनिटांचे काम आहे. तीस वर्षांनी तीच चूक दुरुस्त करावयाची, तर दोन कुटुंबांची वर्षे, वकिलाचे शुल्क, मोजणीची फी आणि पुष्कळदा शेजारधर्म, एवढे खर्ची पडते. ज्याला टाळणे स्वस्त त्याच्यावर जबाबदारी नाही आणि ज्याला निस्तरणे महाग त्याच्यावर ती पूर्ण आहे. अशी व्यवस्था चुका कमी करीत नाही, ती चुका साठवून ठेवते.

आमच्या प्रकरणाचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी रजा काढून गावी गेलो. विकणाऱ्यांच्या मागे त्यांची पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली. एक मुलगा गावात, दोघे मुंबईत, एक मुलगी सुरतेस आणि एक इचलकरंजीस. थोरल्या मुलाने चहा दिला, कागद पाहिले आणि म्हणाला, "दादा, आमची ना नाही. पण पाच घरांचा प्रश्न आहे. विचार करावा लागेल." त्याच्या जागी मी असतो तर निराळे काय बोललो असतो? यादीत नाव त्यांचे होते. रस्त्याच्या मोबदल्याची रक्कम त्यांच्या दृष्टीने लहान नव्हती. काही न करता, केवळ सही न देता, ती त्यांना मिळण्याची शक्यता होती आणि कायद्याने त्यांना सही देण्याची सक्ती करावयाची, तर मला दावाच लावावा लागला असता.

त्या वेळी आत जोत्यावर बसलेल्या त्यांच्या आई, आम्ही त्यांना काकी म्हणतो, बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढचे वय. त्या म्हणाल्या, "इचार कसला करताय? तुझ्या आईसंगं मी त्या हिरीवर धुणं धुतलंय. रान त्येंचं हाय. कागुद काय म्हणतो ते कागदाला इचारा." मुले गप्प झाली. सुरतेच्या मुलीने दिवाळीला येऊन सही केली.

तरीही सारे व्हावयास चौदा महिने लागले. सोसायटीचे कर्ज फिटून ३२१ वरचा बोजा उतरेपर्यंत थांबावे लागले. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी लागली. दोन गटांच्या क्षेत्रांत चार आरांचा फरक निघाला, तेव्हा ही दुरुस्ती की नवी विक्री, असा प्रश्न उपस्थित झाला. मूळ दस्तातील चतुःसीमा आणि एकत्रीकरण योजनेचा उतारा यांच्या आधारे तो सुटला. वाढीव चार आरांवरील शुल्क आम्ही भरले. मी कोठेही माझ्या पदाचा उल्लेख केला नाही आणि केला असता तरी उपयोग नव्हता, कारण समोरचा प्रत्येक अधिकारी आपापल्या नियमाने बरोबरच होता. पण प्रत्येक खिडकीपाशी मला उत्तर प्रदेशातील त्या वृद्धाची आठवण होत होती. मला निदान कोणता कागद कोठे मिळतो एवढे ठाऊक होते.

काकी २०१९ मध्ये वारल्या. त्या दोन वर्षे आधी गेल्या असत्या, तर ही कथा निश्चितच वेगळी झाली असती. दुरुस्तीची खरी मुदत मुदतीच्या कायद्यात लिहिलेली नसते. मूळ व्यवहार ज्यांनी पाहिला त्या माणसांच्या आयुष्याइतकीच ती असते. त्यांच्या पश्चात वारस वाढतात, विखुरतात. एखादा वारस अज्ञान असला, तर त्याच्या वतीने करावयाच्या व्यवहाराला न्यायालयाच्या परवानगीची गरज पडते. एखादा परदेशी असला, तर मुखत्यारपत्र आले. आणि एखादा नुसताच रुसलेला असला, तरी सारे अडते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दुरुस्ती सुलभ केली, तर लबाडीही सुलभ होईल. 'चूक दुरुस्ती' या निरुपद्रवी शीर्षकाखाली माळरानाऐवजी रस्त्याकाठची जमीन घुसवणे, शुल्क बुडवणे, तुकडेबंदीसारख्या निर्बंधांना वळसा घालणे, हे प्रकार घडतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच समान चूक स्पष्ट पुराव्याने सिद्ध झाली पाहिजे, नुसत्या आरोपावर दस्त बदलता येणार नाही, ही २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाची भूमिका मला योग्य वाटते. मला अभिप्रेत आहे ते एवढेच, की वादग्रस्त आणि निर्विवाद अशा दोन्ही चुकांना एकाच लांबलचक रस्त्याने पाठवू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये असा विवेक काही अंशी आहे. अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद आणि संबंधितांनी मान्य केलेल्या चुका तेथे महसूल अधिकारी दुरुस्त करू शकतो. पण ती सोय अभिलेखापुरती आहे, दस्तासाठी नाही. दस्त चुकीचा असेल तर अभिलेख त्याचेच प्रतिबिंब दाखवणार.

माझ्या मते चार गोष्टी करण्याजोग्या आहेत.

पहिली, वर्णन पक्षकाराच्या हातच्या कागदावरून उतरवून न घेता थेट अभिलेखातून दस्तात यावे, त्यासोबत नकाशाचा उतारा जोडलेला असावा आणि उभय पक्षांनी त्या नकाशावर सही करावी. मनुष्य आकडा चुकतो; विहीर कोठे आणि ओढा कोठे, हे तो सहसा चुकत नाही.

दुसरी, जेथे सरकारने स्वतः क्रमांक बदलले आहेत, तेथे जुन्या आणि नव्या क्रमांकांचे मेळपत्रक प्रत्येक खातेदाराला विनामूल्य मिळावे. त्या बदलातून उद्भवलेली दस्तातील चूक सरकारने आपल्या खर्चाने, मुद्रांक शुल्क न आकारता, दुरुस्त करून द्यावी.

तिसरी, निर्विवाद दुरुस्तीसाठी संक्षिप्त कार्यपद्धती असावी. सर्व वारसांना आणि लगतच्या धारकांना नोटीस द्यावी, गावात जाहीर वाचन व्हावे, ताब्याचा पंचनामा व्हावा, ठरावीक मुदतीत कोणी हरकत न घेतल्यास सक्षम अधिकाऱ्याने दुरुस्ती प्रमाणित करावी. हरकत आली, तरच न्यायालय. आज सुरतेच्या एका सहीअभावी संपूर्ण दुरुस्ती थांबते. अशा व्यवस्थेत निदान मौनाचा अर्थ नकार असा होणार नाही.

चौथी, दुरुस्तीची नोंद मूळ दस्ताच्या सूचीतही दिसावी, म्हणजे पुढचा खरेदीदार एकच कागद पाहून फसणार नाही.

संगणकीकरणाने हे आपोआप होईल, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. २०२१ पासून प्रत्येक भूखंडाला चौदा अंकाक्षरी ओळख क्रमांक, म्हणजेच भू-आधार, देण्याचे काम सुरू झाले. नोंदणी कायद्याच्या जागी आणावयाच्या नव्या कायद्याचा मसुदा २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला. हे सारे स्वागतार्ह आहे. किंबहुना जमिनीच्या हक्काची शाश्वती सरकारने घ्यावी, हा विचार पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी १९८९ च्या आपल्या अहवालातच मांडला होता. परंतु नवा क्रमांक जुन्या अभिलेखावरून दिला गेला आणि तो अभिलेख चुकीच्या दस्तावर उभा असला, तर आपण चुकीला केवळ अक्षांश-रेखांश देऊ. आमच्या ३१२ आणि ३२१ ची अदलाबदल कोणत्याही संगणकाला दिसली नसती, कारण दोन्ही उतारे आपापल्या जागी निर्दोष होते. ती बांधावर जाऊनच दिसते.

जाता जाता, माझ्यासारख्याच घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांसाठी थोडे व्यावहारिक. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या जमिनीचे किंवा जुन्या घराचे खरेदीखत कपाटात पडून असते. ते इंदूरला असो वा बडोद्याला, बंगळूरला वा परदेशी. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा ते सोबत न्या. त्यातील क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा आजच्या उताऱ्याशी व गटनकाशाशी ताडून पाहा. सदनिका असेल तर इमारत, मजला, सदनिका क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक सूची दोनशी जुळतो का पाहा. दस्तात जुना क्रमांक असेल तर नव्याशी जोडणारा उतारा मिळवून ठेवा. आणि एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन एकदा सीमेवरून चाला. तफावत दिसली, तर 'सध्या कुठे विकायची आहे' असे म्हणून ती पुढे ढकलू नका. विकणारा किंवा त्याच्या घरातील ज्यांनी व्यवहार पाहिला ते हयात आहेत, तोवर दुरुस्ती करून घ्या. आज ती एका चहावर होईल. उद्या तिला वकील लागेल.

एवढे नागरिकाने करावे. पण एखाद्या देशातील जमिनीची मालकी एका वृद्ध स्त्रीच्या सचोटीवर अवलंबून राहावी, ही त्या स्त्रीच्या दृष्टीने भूषणाची गोष्ट असली, तरी व्यवस्थेच्या दृष्टीने नाही. ज्या घरात अशा काकी नाहीत, त्या घराने काय करावे? 'मुक़दमा मैं किस पर करूँ' या प्रश्नाचे उत्तर मी पंचवीस वर्षांपूर्वी दिले नव्हते. आज मला ते थोडेफार ठाऊक आहे. ज्याच्या नंबराने चूक झाली, त्याने ती दुरुस्त करण्यासाठी पहिले पाऊल टाकावे. ते पाऊल नागरिकाने सरकारकडे टाकावयाचे नसून सरकारने बांधाकडे टाकावयाचे आहे.